लहान जेट इंजिनाचा कंबस्टर: नोझल बारीक करण्याआधी वेळ मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चौघे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. टर्बोचार्जरमधून काढलेल्या ६६ मिमी कॉम्प्रेसर चाकाभोवती साधारण ७५ न्यूटन थ्रस्टचं, म्हणजे तेवढ्या जोराने ढकलणारं, जेट इंजिन बांधताय. कंबस्टर, म्हणजे इंधन जळायची पोकळी, वलयाकार, बाहेरचा व्यास १०० मिमी, आतला ४०, लांबी ६५. त्यात बॉयलरच्या बर्नरला लागतात तसली सहा नोझल गोलात बसवलीत. सुरू करताना टर्बाइनच्या मागून दोन-दोन फूट पिवळ्या ज्वाळा निघतात. फुल थ्रॉटलला इंजिन बऱ्यापैकी चालतं, आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी फेऱ्यांवर, आणलं की डोळे झोंबणारा पांढरा धूर येतो आणि मग ते विझतं. टर्बाइनच्या पुढच्या स्थिर पात्यांपैकी अगदी तळाचं एक पातं जळालंय. आता विचारताय की नोझल बारीक करायचं, पंपाचा दाब वाढवायचा, की कुणी सुचवलं तसे डिझेल इंजेक्टर लावायचे?

तिन्ही नको. का नको ते सांगायला थोडं मागे जावं लागेल, कारण तुमच्या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे.

लहान इंजिन म्हणजे मोठ्या इंजिनाची छोटी प्रत, असं समजून सगळेच सुरुवात करतात. मीही तशीच केली होती. कॉम्प्रेसर लहान होतो, टर्बाइन लहान होते, फेरे वाढवले की दोघांचं बऱ्यापैकी निभावतं. ज्योतीला मात्र इंजिन लहान झालंय हे ठाऊक नसतं. थेंबाची वाफ व्हायला, ती हवेत मिसळायला आणि जळायला जो वेळ लागतो तो लागतोच. तुमच्याकडे किती वेळ आहे ते कागदावर काढून बघा. तुमच्या फ्लेम ट्यूबचं, म्हणजे ज्योत जिच्यात असते त्या पत्र्याच्या पोकळीचं, आकारमान ०.४३ लिटर येतं. दाब सुमारे २.२ बार, आतलं सरासरी तापमान १००० केल्विन धरलं तर वायूची घनता घनमीटरला पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे कोणत्याही क्षणी आत जेमतेम ०.३३ ग्रॅम वायू असतो. हवा वाहतेय सेकंदाला २०० ग्रॅम. भागाकार करा: १.६ मिलिसेकंद. रॉकेल आत शिरल्यापासून टर्बाइनच्या दारात पोचेपर्यंत एवढीच मुदत.

आता थेंबाकडे या. थेंब जळून संपायचा वेळ त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. गरम ज्योतीत रॉकेलसाठी ढोबळमानाने सेकंदाला १ चौरस मिलिमीटर हा आकडा धरला, तर २० मायक्रॉनचा थेंब ०.४ मिलिसेकंदात संपतो, ५० मायक्रॉनच्या थेंबाला अडीच मिलिसेकंद लागतात आणि १०० मायक्रॉनच्या थेंबाला तब्बल १० मिलिसेकंद. मुदत १.६ ची. म्हणजे ५० मायक्रॉनचा थेंब तुमच्या कंबस्टरमध्ये पूर्ण जळूच शकत नाही, तो जळत जळतच टर्बाइनमधून बाहेर पडतो. मागून दिसणाऱ्या पिवळ्या ज्वाळा त्याच्याच.

प्रवासी विमानाच्या इंजिनाला हे संकट इतकं जाणवत नाही. तिथे टेक-ऑफला दाब ४० पटींच्या घरात जातो, हवा कंबस्टरमध्ये येते तीच साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला. त्या हवेत थेंब शिरला की वितळल्यासारखा नाहीसा होतो. तुमच्या कॉम्प्रेसरमधून येणारी हवा फार तर १३० अंशांची. तिने चहा गरम राहील, रॉकेलची वाफ व्हायची नाही.

म्हणून नोझलचा हिशेब करू. ७५ न्यूटनला तुमचं इंजिन मिनिटाला साधारण २५० मिली इंधन पिणार. सहा नोझलमध्ये वाटलं तर प्रत्येकी ४२ मिली, म्हणजे सेकंदाला पाऊण मिलीसुद्धा नाही. ७ बार दाबाला एवढं इंधन सोडणारं छिद्र पाव मिलिमीटरच्या आसपास असतं. फुल थ्रॉटलला हे नोझल ठीक फवारा मारतं. आयडलला इंधन एक तृतीयांश झालं की काय होतं? नोझलमधून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे प्रवाह तिसरा हिस्सा झाला की दाब नववा हिस्सा. ७ चा झाला ०.८ बार. एवढ्या दाबाला फवारा होत नाही; छिद्रातून पातळ पडदा लोंबतो आणि त्याचे टपोरे थेंब पडतात. तुमचा पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या रॉकेलची वाफ. डोळे त्यामुळेच झोंबतात. उलट आयडलला ७ बार राखायचे ठरवले तर फुल थ्रॉटलला ६३ बार लागतील, आणि तुमचा छोटा गियर पंप त्या वाटेला जाणारही नाही. नोझल बारीक केलं तरी हाच हिशेब फक्त वर सरकतो, शिवाय छिद्र तुंबायला एक कण पुरतो. मोठ्या इंजिनांत यावर दोन मार्गांचं नोझल वापरतात, कमी प्रवाहाला एक बारीक वाट आणि जास्त प्रवाहाला दुसरी मोठी. सेकंदाला पाऊण मिलीसाठी तसलं नोझल बनवणं म्हणजे घड्याळजीचं काम.

आणखी एक गोष्ट तुम्ही मोजली नाहीत. तुमच्या वलयाची उंची ३० मिमी आहे. नोझलच्या फवाऱ्याचा कोन ८० अंश. नोझल मधोमध असेल तर फवारा भिंतीला किती अंतरावर टेकतो? १८ मिलिमीटरवर. म्हणजे इंधन हवेत जळण्याऐवजी भिंत ओली करतंय, तिथून ओघळून तळाशी जमतंय आणि तळाशी डबकं होऊन पेटतंय. जळालेलं पातं तळाचंच का, याचं उत्तर तुम्हाला मिळालं असेल.

डिझेल इंजेक्टरबद्दल दोनच वाक्यं. तो शेकडो बार दाबाने, क्षणभरासाठी, घट्ट दाबलेल्या गरम हवेत इंधन मारायला बनवलेला असतो. तुम्हाला हवा आहे अखंड, मंद, अगदी कमी प्रवाह. तुमच्या ३० मिमीच्या वलयात त्याची धार समोरच्या पत्र्यावर जाऊन आपटेल, बाकी काही नाही.

तुम्हाला धीर यावा म्हणून सांगतो, ही अडचण जेट इंजिनाइतकीच जुनी आहे. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन आणि त्याचा मेकॅनिक साथीदार माक्स हान यांनी पहिलं प्रात्यक्षिक इंजिन १९३७ साली हायड्रोजनवर चालवलं, कारण द्रव इंधन आत नीट जळेना. हायड्रोजनला थेंब नाही, वाफ व्हायची वाट पाहायची नाही आणि तो जळतोही झपाट्यानं. इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटलने त्याच वर्षी १२ एप्रिलला द्रव इंधनावर इंजिन सुरू केलं आणि पहिल्याच दिवसांत ते हाताबाहेर गेलं: इंधनाची झडप बंद केली तरी फेरे वाढतच राहिले. आत इंधनाची डबकी साचली होती, ती जळून संपेपर्यंत इंजिन थांबायला तयार नव्हतं. तुमचं तळाचं डबकं आणि व्हिटलचं डबकं एकाच जातीचं. पुढे १९४० च्या सुमारास शेल कंपनीच्या आयझॅक लुबॉकच्या बर्नरने त्याची ज्वलनाची डोकेदुखी बरीच कमी केली. आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत बटणाएवढं सिलिकॉनचं टर्बाइन बनवायला घेतलं, तेव्हा तिथल्या मंडळींनीही सुरुवातीला हायड्रोजनच घेतला. एवढ्याशा पोकळीत दुसरं काही वेळेत जळणार नव्हतं.

तुम्ही हायड्रोजनच्या वाटेला जाऊ नका. तुमच्यासाठी तोडगा आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात होता: पंपाचा स्टो. स्टोमध्ये रॉकेल जळत नाही, रॉकेलची वाफ जळते. बर्नरची नळी ज्योतीतूनच जाते, तिथे रॉकेलची वाफ होते आणि ती वाफ बाहेर येऊन निळी जळते. म्हणूनच आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा. घाई करून पंप मारला की पिवळा भडका, काजळी, आणि वरून ओरडा. हौशी जेट इंजिनवाल्यांनी नेमकं हेच केलंय. कुर्ट श्रेकलिंग या जर्मन गृहस्थाने स्वतःच्या इंजिनात प्लायवुडचं कॉम्प्रेसर चाक वापरलं आणि इंधनासाठी तापणाऱ्या नळ्या. नंतर आलेल्या केजे-६६ या प्रसिद्ध हौशी इंजिनात सहा सरळ नळ्या आहेत, आणि त्याचं चाकही तुमच्यासारखंच ६६ मिमीचं. ही फक्त हौशी लोकांची क्लृप्ती आहे असं समजू नका. काँकॉर्ड या प्रवासी विमानाच्या ऑलिंपस इंजिनात व्हेपोरायझर, म्हणजे अशाच वाफ करणाऱ्या नळ्या, होते. हॅरियर या लढाऊ विमानाच्या पेगासस इंजिनातही होते. २०१६ पर्यंत गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावरून उडणारी सी हॅरियर विमानं याच तत्त्वावर रॉकेल जाळत होती.

रचना अशी. फ्लेम ट्यूबच्या मागच्या भिंतीतून ६ मिमी व्यासाच्या सहा नळ्या पुढच्या दिशेने आत जातात आणि पुढच्या भिंतीच्या जरा अलीकडे थांबतात. मागून प्रत्येक नळीत एक सुई थोडीशी शिरते आणि तिच्यातून इंधन ठिबकतं. त्याच नळीतून थोडी हवाही जाते. नळीभोवती ज्योत असते, नळी लाल होते, आतलं इंधन काही वाफ होऊन, काही नळीच्या भिंतीला पातळ थर होऊन पुढे सरकतं आणि टोकाशी हवेच्या झोताने त्याचं धुकं होतं. सगळ्याची वाफ होते असं नाव ऐकून वाटतं, तसं होत नाही; बराच भाग त्या टोकाशीच फुटतो. मग हे मिश्रण पुढच्या भिंतीवर आपटून मागे वळतं. यात तुम्ही काय मिळवलंत? थेंबाचा बराचसा वेळ नळीच्या आत, ज्योतीच्या हिशेबाबाहेर गेला. १.६ मिलिसेकंद आता फक्त मिसळायला आणि जळायला उरले. आणि पाव मिलिमीटरचं छिद्र, ७ बारचा फवारा, दोन्ही गरजा संपल्या.

फुकट काहीच नसतं. नळीला आतून इंधन थंड ठेवतं. एका सुईचं इंधन कमी झालं की तीच नळी वितळते. म्हणून व्हेपोरायझरवाल्या इंजिनात खरी कसोटी असते ती वाटपाची, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण नव्वद टक्के मुलं इथेच फसतात.

सुई कुठली घ्यायची? मेडिकलमध्ये मिळणारी हिरव्या टोकाची २१ गेजची इंजेक्शनची सुई चालते, तिचं आतलं छिद्र सुमारे ०.५ मिमी. प्लास्टिकचं टोक अर्थातच काढायचं आणि सुई इंधन वाटणाऱ्या पितळी किंवा स्टीलच्या नळीच्या रिंगला सिल्व्हर ब्रेझिंगने जोडायची. काहींना वाटतं मोठी सुई बरी, तुंबणार नाही. करून पाहा हिशेब. आयडलला सुईमागे मिनिटाला १३ मिली, सुईची लांबी ३० मिमी. ०.५ च्या सुईत दाबातली घट ६० मिलिबारच्या पुढे जाते. ०.७ च्या सुईत ती फक्त १६ मिलिबार. आता तुमची इंधनाची रिंग उभी आहे, व्यास समजा ८० मिमी. वरच्या आणि तळाच्या सुईत ८० मिमी रॉकेलच्या उंचीचा फरक, म्हणजे ६ मिलिबार. १६ मध्ये ६ चा फरक म्हणजे तळाच्या सुईला वरच्यापेक्षा जवळजवळ दीडपट इंधन. ६० मध्ये ६ चा फरक म्हणजे दहा टक्के. फुल थ्रॉटलला हा फरक जाणवतही नाही, आयडलला तळाशी धग आणि वर विझलेली नळी. आणि सुईतला प्रवाह छिद्राच्या व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. ०.५० आणि ०.५२ च्या सुयांत सतरा टक्क्यांचा फरक पडतो. एकाच पाकिटातल्या सुया घ्या आणि कापल्यावर तोंडाची कड साफ करा.

हा शेवटचा धडा मला महागात पडला. माझ्या उमेदीच्या काळात एका चाचणीच्या इंजिनात आम्ही बारा सुयांची रिंग बसवली. कापणाऱ्याने एका सुईच्या तोंडाशी केसाएवढा धातूचा बुरा ठेवला, आणि तपासणाऱ्याने, म्हणजे मी, बाहेरून बघून ठीक म्हटलं. इंजिन चाळीस सेकंद सुंदर चाललं. उघडलं तेव्हा त्या सुईसमोरची नळी अर्ध्यात वितळून तिचा गोळा स्थिर पात्यात अडकलेला होता, आणि एक फिरतं पातं टोकाला कातरल्यासारखं झालेलं. चाक तसंच फिरत राहिलं असतं तर मी हे लिहायला नसतो.

तेव्हापासून माझी सवय: इंजेक्शनच्या रिकाम्या काचेच्या कुप्या, सारख्या मापाच्या. रिंग इंजिनात बसते तशीच उभी धरायची, प्रत्येक सुईखाली एक कुपी, पंप आयडलच्या प्रवाहावर ठेवून तीस सेकंद. मग सगळ्या कुप्या ओळीत उजेडात ठेवायच्या. पातळी डोळ्यांना दिसते. मोजायचं असेल तर स्वयंपाकघरातला नाही, सोनाराचा काटा आणा. सरासरीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त फरक असलेली सुई बदलायची. मग हेच फुल थ्रॉटलच्या प्रवाहावर. बहुतेक जण फक्त फुल थ्रॉटलला बघतात आणि खूश होतात.

कंबस्टरच्या भोकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या फोटोत दिसलं म्हणून लिहितो. रॉकेलला नीट जळायला वजनाने पंधरा पट हवा पुरते, तुमच्या इंजिनात आहे साठ पट. म्हणजे पाव हवा पुढच्या भागात जाळायला आणि बाकीची हळूहळू थंड करायला. तुम्ही मागच्या बाजूला ४ मिमीची २४ भोकं पाडलीत. तेवढ्याच क्षेत्रफळात ५.७ मिमीची १२ भोकं बसतात. हवा तेवढीच येईल, पण मोठ्या भोकाची धार खोलवर जाते. लहान भोकांची धार भिंतीला चिकटून वाहते आणि मधला भाग तसाच तापलेला टर्बाइनवर जातो. टर्बाइनवर जाणाऱ्या वायूचं तापमान सरासरी ८५० अंश असलं आणि आत येणारी हवा १३० ची असली, तर मिसळण्यात ०.३ एवढीसुद्धा असमानता, म्हणजे या दोन तापमानांतल्या फरकाच्या तीस टक्के, एखाद्या पात्यासमोर १०६० अंशांची धार उभी करते. शक्य असेल तर पात्याचं मूळ थंड आणि टोकाकडे जास्त गरम अशी विभागणी साधा, कारण फिरण्याने पडणारी ओढ सगळी मुळाशी असते. लायनरला, म्हणजे फ्लेम ट्यूबच्या भिंतीला, ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा पत्रा असेल तर तो पापुद्रे सोडेल. ३१० घ्या, मुंबईत कुंभारवाड्याकडच्या बाजारात विचारलं तर अर्धा मिमी जाडीचा तुकडाही मिळून जातो. लायनरवरचे रंग हा तुमचा सगळ्यात स्वस्त थर्मामीटर आहे: तीस सेकंद चालवून उघडा, पिवळसर, निळा, राखाडी हे पट्टे गोलात सारखे आहेत का ते बघा. एका बाजूला राखाडी जीभ लांबलेली दिसली की त्याच्या सरळ रेषेतली सुई तपासा.

तुमच्यातल्या एकाने चेतक हेलिकॉप्टरच्या इंजिनासारखं का करू नये असं विचारलंय. चेतकच्या आर्तूस्त इंजिनात इंधन फिरत्या शाफ्टमधूनच येतं आणि शाफ्टवरच्या भोकांतून गोफणीसारखं बाहेर भिरकावलं जातं. फ्रान्समध्ये जोझेफ शिद्लोव्स्कीच्या तुर्बोमेका कंपनीने ही पद्धत रुजवली, आणि अमेरिकेतल्या विल्यम्स कंपनीची लहान इंजिनंही हीच वापरतात. फार देखणी पद्धत आहे. पंपाचा दाब नको, बारीक छिद्रं नकोत, वाटप आपोआप समान. पण फवाऱ्याचा बारीकपणा फेऱ्यांवर अवलंबून, म्हणून सुरू करताना, फेरे कमी असताना, पेटवायला वेगळी मशाल लागते. आणि मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या बारीक शाफ्टला भोकं पाडायची, आतून इंधन न्यायचं, बेअरिंगशेजारी सील बसवायचं, हे कॉलेजच्या लेथवर होणारं काम नाही. पुढच्या प्रोजेक्टला ठेवा.

सुरू करण्याची पद्धत बदला. आधी एलपीजीवर पेटवा, नळ्या तापू द्या, मागचं तापमान वर आलं की मगच रॉकेल थेंबाथेंबाने सोडा आणि गॅस हळू कमी करा. काकड्याचीच शिस्त. पेटलं नाही तर लगेच दुसरा प्रयत्न करू नका. इंजिनाचं तोंड वर आणि शेपूट खाली करा, साचलेलं रॉकेल मागून गळू द्या, स्टार्टरने अर्धा मिनिट नुसती हवा फिरवा, मग पुन्हा. आणि बंद केल्यावरही स्टार्टर चालू ठेवून तापमान १०० अंशांखाली आणा. नाहीतर नळ्यांची धग सुईत चढते, सुईतल्या रॉकेलचा आणि बेअरिंगसाठी त्यात मिसळलेल्या तेलाचा कोळसा होतो, आणि पुढच्या वेळी तुम्ही सुई का तुंबली म्हणून मला लिहाल. स्टोला पिन मारून भागायचं, इथे सुई बदलावी लागते.

चालवताना कुणीही चाकाच्या प्रतलात, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, उभं राहायचं नाही. पुढे तिरकं उभं राहा, मध्ये वाळूची पोती किंवा जाड स्टीलची प्लेट. जळालेलं पातं घासून पुन्हा वापरायचा विचार असेल तर तो सोडा.

नवी रिंग झाली की आयडलच्या आणि फुलच्या दोन्ही चाचण्यांत सहा कुप्यांत किती किती मिली आलं ते, आणि सुईची नेमकी लांबी, एवढं कळवा. मागची भोकं त्या आकड्यांनंतर बदलू, त्याआधी ड्रिल हातात घेऊ नका.